जनावरांसाठी भांडणाऱ्या माणसाकडे एका पोरीची केस गेली, आणि मुलांना वाचवणारी पहिली संस्था उभी राहिली

एक पोस्ट दर चार-सहा महिन्यांनी फिरत फिरत आपल्या फीडवर येते. त्यात एका लहान मुलीचा जुना काळा-पांढरा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं की, अमेरिकेत तेव्हा जनावरांना मारण्याविरुद्ध कायदा होता पण मुलांना मारण्याविरुद्ध नव्हता. मग एका हुशार वकिलाने कोर्टात सांगितलं की माणसाचं मूल हेही एक प्राणीच आहे, आणि तिला प्राण्यांच्या कायद्याखाली सोडवलं.

पोस्ट भारी आहे. शेअरही दणकून होते.

पण ती अर्धीच खरी आहे. मुलगी खरी, मारहाण खरी, प्राण्यांच्या संस्थेचा माणूसही खरा. तो प्राण्यांच्या कायद्याचा भाग मात्र कुणीतरी नंतर जोडलेला. आणि खरी गोष्ट त्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे, कारण मुलांना मारण्याविरुद्ध कायदा तेव्हाही होता. तो वापरायचा कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

हा प्रश्न ज्याच्या दारात जाऊन पडला त्या माणसाचं नाव हेन्री बर्ग.

बर्गचा जन्म १८१३ चा, न्यूयॉर्कमधला. वडील ख्रिश्चन बर्ग हे जहाजं बांधणारे, शहरातलं नाव असलेलं प्रस्थ. घरात पैसा भरपूर. पोरगा कोलंबिया कॉलेजात गेला, पण शिक्षण अर्धवट सोडून युरोप फिरायला निघाला. वडील गेल्यावर वाट्याला आलेल्या पैशात आयुष्य निवांत जाणार हे ठरलेलंच होतं. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. नवरा-बायको वर्षानुवर्षं युरोपात फिरत राहिले. बर्गला नाटककार व्हायचं होतं. त्याने नाटकं लिहिली, ती चालली नाहीत.

म्हणजे वयाच्या पन्नाशीपर्यंत या माणसाने जगाच्या लक्षात राहील असं काहीही केलेलं नव्हतं. स्पेनमध्ये बैलांच्या झुंजी बघून त्याला किळस आली होती, एवढीच काय ती पुढची चाहूल.

१८६३ मध्ये अब्राहम लिंकनच्या सरकारने त्याला रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या अमेरिकन वकिलातीत सेक्रेटरी म्हणून पाठवलं. तिथे रस्त्यावर घोड्याला झोडपणारा एक गाडीवान त्याला दिसला. बर्गने आपली गाडी थांबवली आणि त्याला दरडावलं. अंगावर वकिलातीचा झगमगीत पोशाख असल्यामुळे गाडीवानाने मुकाट्याने ऐकलं. आपण बोललो आणि मार थांबला, ही गोष्ट बर्गच्या डोक्यात बसली. तब्येत आणि थंडीचं काही जमेना म्हणून तो नोकरी सोडून निघाला, वाटेत लंडनला थांबला आणि तिथल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेच्या अध्यक्षांना भेटून सगळं कामकाज समजून घेतलं.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने फेब्रुवारी १८६६ मध्ये एक जाहीर भाषण केलं, शहरातल्या बड्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, आणि १० एप्रिल १८६६ ला अमेरिकेतली पहिली प्राणी संरक्षण संस्था कागदावर आली. नऊ दिवसांत कायदाही मंजूर करून घेतला. त्यात खरी मेख ही होती की, या संस्थेच्या माणसांना गुन्हेगाराला पकडून कोर्टात नेण्याचा अधिकार मिळाला.

ही मेख लक्षात ठेवा.

तेव्हाचं न्यूयॉर्क घोड्यांवर चालायचं. ट्राम घोडे ओढायचे, कोळसा, दूध, कचरा, सगळं घोड्यावर. उंच, सडपातळ, लांब चेहऱ्याचा, खाली झुकलेल्या मिशांचा, डोक्यावर उंच हॅट आणि हातात काठी घेतलेला हा गृहस्थ भर रस्त्यात ट्रामपुढे उभा राहायचा आणि माणसं जास्त झालीत म्हणून लोकांना खाली उतरवायचा. ऑफिसला जायच्या वेळेला, ते पण बर्फात. लोक शिव्या घालायचे. पेपरवाले व्यंगचित्रं काढायचे. त्याला नाव पडलं लुडबुड्या, तेही साधासुधा नाही, थोर लुडबुड्या.

सुरुवातीच्याच दिवसांत त्याने एका जहाजाच्या कप्तानाला कोर्टात खेचलं. जहाजावर जिवंत समुद्री कासवं उलटी टाकून, त्यांच्या पायांच्या वल्ह्यांना भोकं पाडून दोरीने बांधून आणलेली. कप्तान सुटला आणि गावभर हसं झालं. पण बर्गचं म्हणणं होतं की, हसले तरी चालेल, नाव तर झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याला फुकटची पब्लिसिटी कळत होती.

सर्कसवाला पी. टी. बार्नम अजगरांना जिवंत ससे खायला घालतो म्हणून त्याच्याशीही बर्गने वर्षानुवर्षं भांडण मांडलं. पुढे हाच बार्नम त्याचा चाहता झाला. कुत्र्यांच्या झुंजींचे अड्डे त्याने बंद पाडले. १८६७ मध्ये त्याच्या संस्थेने जखमी घोड्यांसाठी ॲम्ब्युलन्स गाडी सुरू केली. शहरातल्या माणसांच्या हॉस्पिटलला अशी गाडी मिळायला त्यानंतर दोनेक वर्षं लागली. एवढं करून त्याने संस्थेकडून पगार म्हणून दमडी घेतली नाही.

साहजिकच एक टोमणा त्याला सतत ऐकावा लागे. घोड्यांचं एवढं बघतोस, मग या शहरातल्या माणसांच्या लेकरांचं काय?

टोमणा चुकीचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आयर्लंड, जर्मनीतून आलेली कुटुंबं एकेका खोलीत कोंबलेली असायची. यादवी युद्धात बाप गेलेली, आजारात आई गेलेली मुलं रस्त्यावर होती. अशा मुलांसाठी शहरात काहीच नव्हतं असं नाही. १८२५ पासून सुधारगृह होतं. १८५३ मध्ये चार्ल्स ब्रेस यांनी मुलांसाठी मदत संस्था काढली होती. अनाथाश्रम होते, धर्मादाय खातं होतं. मारहाण हा गुन्हाही होता. पण या सगळ्यांच्या कामाला एक अट होती. मूल आधी त्यांच्या दारात यावं लागे. बंद दाराच्या आत काय चाललंय ते बघायला जाणं हे कुणाचंच काम नव्हतं.

अशाच एका बंद दाराच्या आत मेरी एलन होती.

तिचा जन्म १८६४ चा. बाप थॉमस विल्सन युद्धात गेला. आई फॅनी हॉटेलात काम करायची. काम करताना बाळ सांभाळणार कोण, म्हणून तिने ते दुसऱ्या एका बाईकडे आठवड्याला ठरावीक पैसे देऊन ठेवलं. काही दिवसांनी पैसे यायचे बंद झाले, तशी त्या बाईने बाळ धर्मादाय खात्याला देऊन टाकलं. तिथून ते मॅककॉर्मॅक नावाच्या जोडप्याकडे गेलं. नवऱ्याने सांगितलं की पोर माझीच आहे. कागदपत्रं कुणी नीट तपासली नाहीत. करारात लिहिलेलं होतं की दरवर्षी मुलीला खात्यात आणून दाखवायचं. ते नावापुरतं झालं. नवरा वारला, बायकोने दुसरं लग्न केलं आणि ती मेरी कॉनोली झाली.

म्हणजे ज्या घरात मुलगी वाढत होती तिथे तिचं रक्ताचं कुणीही नव्हतं, आणि सरकारी रजिस्टरमध्ये मात्र सगळं व्यवस्थित होतं.

१८७३ च्या अखेरीला एटा व्हीलर नावाची बाई त्या वस्तीत फिरत होती. चर्चच्या वतीने गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करणं हे तिचं काम. तिला शेजाऱ्यांकडून कळलं की एका घरात पोरीला रोज मारतात, बाहेर सोडत नाहीत, रडण्याचा आवाज येतो. व्हीलरबाईंनी युक्ती केली. त्याच घराच्या शेजारी क्षयाने अंथरुणाला खिळलेली एक बाई राहत होती. तिच्याकडे कुणीतरी अधूनमधून बघावं, अशी विनंती करायच्या निमित्ताने त्यांनी कॉनोलीबाईंचं दार वाजवलं.

आत डिसेंबरच्या थंडीत एक पोर अनवाणी, फाटका पातळ कपडा घालून, बुटक्या स्टुलावर ठेवलेल्या परातीत भांडी घासत उभी होती. वय नऊ-दहा, पण दिसत होती पाच-सहा वर्षांची. टेबलावर चामड्याच्या पट्ट्या पिळून केलेला चाबूक पडला होता. हातापायांवर त्याच्या खुणा होत्या.

पुढचे तीन-चार महिने व्हीलरबाई दारोदार फिरल्या. पोलिसांकडे गेल्या तर ते म्हणाले, पुरावा आणा. मुलांच्या संस्थांकडे गेल्या तर त्यांनी सांगितलं की मूल कायदेशीर मार्गाने आमच्याकडे आणून द्या, आम्ही सांभाळू. ओळखीचे लोक म्हणाले, दुसऱ्याच्या घरात पडू नका, अंगाशी येईल. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं. पोर मात्र मार खात होती, आणि शेजारची ती आजारी बाई भिंतीपलीकडून ऐकत होती.

शेवटी घरातल्याच एका तरुण भाचीने सुचवलं की बर्गकडे जाऊन बघा ना. तीही एक लहान प्राणीच आहे की.

तर त्या व्हायरल पोस्टमधल्या प्राण्याचं मूळ हे इथे आहे. एका मुलीच्या बोलण्यात. कोर्टात नाही.

बर्गने व्हीलरबाईंना बसवून ऐकून घेतलं. लगेच हो म्हटलं नाही. सगळं लिहून द्या, मुलीवर दुसऱ्या कुणाचा हक्क लागतो का ते मला बघावं लागेल, असं त्याचं उत्तर. हा सावधपणा महत्त्वाचा. मुलांच्या बाबतीत त्याने याआधी हात घातलाच नव्हता असंही नाही, १८७१ मध्ये अशाच एका मारहाणीच्या प्रकरणात तो पडला होता. पण त्याच्या संस्थेचा अधिकार जनावरांपुरता होता. चूक झाली तर संस्था गोत्यात आली असती.

व्हीलरबाईंनी कागद पाठवले. बर्गने आपला माणूस जनगणनेवाला असल्याचं भासवून त्या घरात पाठवला आणि खात्री करून घेतली. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. मग त्याने आपला वकील एल्ब्रिज गेरी याला कामाला लावलं. गेरीने जनावरांचा कायदा उघडलाही नाही. त्याने हेबियस कॉर्पसच्या कायद्यातलं एक कलम काढलं. एखादी व्यक्ती बेकायदा डांबून ठेवलेली असेल आणि तिच्या जिवाला धोका असेल तर न्यायाधीश तिला थेट आपल्यापुढे आणायला लावू शकतो, असा त्याचा अर्थ. बर्गनेही कोर्टात स्पष्ट केलं की मी इथे प्राण्यांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून नाही, एक साधा नागरिक म्हणून आलोय.

९ एप्रिल १८७४ ला मेरी एलनला घरातून बाहेर काढलं. अंगावर धड कपडे नव्हते म्हणून घोडागाडीतल्या घोंगडीत गुंडाळून न्यायाधीश अब्राहम लॉरेन्स यांच्यापुढे आणलं. कोर्टात पेपरवाल्यांमध्ये जेकब रीस नावाचा तरुण पत्रकार बसला होता. न्यूयॉर्कच्या झोपडपट्ट्यांवर लिहून तो पुढे प्रसिद्ध झाला. त्या घोंगडीतल्या पोरीकडे बघून कोर्टातले पुरुष रडले, असं त्याने नंतर लिहिलंय.

मग मुलीने सांगितलं. आपलं वय किती ते तिला माहीत नव्हतं. आई-बाप दोघेही मेलेत, एवढंच तिला ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावर गेल्याचं तिला आठवत नव्हतं, फक्त रात्री अंगणापर्यंत. झोपायला खिडकीखाली एक गालिच्याचा तुकडा. रोज मार. कपाळावर ताजी जखम होती, ती कात्रीने झाली होती. का मारतात ते तिला कळत नव्हतं. आणि आपला कधी कुणी पापा घेतल्याचं किंवा मांडीवर बसवल्याचं तिला आठवत नव्हतं.

हे सगळं तिने अनोळखी पुरुषांनी भरलेल्या खोलीत सांगितलं. आपल्याला आज यातलं हे खटकायला हवं, त्याच्याकडे पुढे येऊ.

त्याच महिन्यात खटला चालला. ज्युरीला वीसेक मिनिटं पुरली. मेरी कॉनोलीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

इथे बहुतेक पोस्टी संपतात. खरा पेच इथेच सुरू झाला, कारण मुलगी सुटली पण जाणार कुठे? तिला एका निवारागृहात ठेवलं. तिथे तिच्यापेक्षा मोठ्या, बिघडलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मुली होत्या. व्हीलरबाईंना ते पटेना. त्यांनी न्यायाधीशांकडे आणि बर्गकडे पुन्हा चकरा मारल्या आणि मुलीला रॉचेस्टरजवळच्या खेड्यात, आपल्या आईच्या शेतावर पाठवायची परवानगी मिळवली. थोड्याच काळात आई वारल्या. मग व्हीलरबाईंच्या बहिणीने तिला वाढवलं. गवतात, मातीत, झाडांखाली खेळायचं कसं, हे त्या पोरीला शिकवावं लागलं.

सोडवायला काही दिवस लागले, माणसात आणायला वर्षं. ही दुसरी गोष्ट कोर्टाच्या बातमीत कधीच येत नाही.

खटला संपल्यावर व्हीलरबाईंनी बर्गला विचारलं की जनावरांसाठी जशी संस्था आहे तशी मुलांसाठी का नसावी. बर्गने शब्द दिला आणि पाळला. डिसेंबर १८७४ मध्ये बैठक झाली, १८७५ मध्ये न्यूयॉर्क बाल क्रूरता प्रतिबंधक संस्था रीतसर नोंदली गेली. फक्त एवढ्याच कामासाठी काढलेली ही जगातली पहिली संस्था मानली जाते. जॉन राइट नावाचे व्यापारी अध्यक्ष झाले. बर्ग उपाध्यक्षांत. गाडा ओढला तो गेरीने, पुढची कित्येक वर्षं. लोक तिला गेरीची संस्थाच म्हणू लागले.

बर्गला यात देव बनवायची गरज नाही. जनावरांवरच आपलं लक्ष राहील हे त्याने लपवलं नाही. वांड मुलाला चांगला मार द्यायला हरकत नाही असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने याच संस्थेच्या सुरुवातीच्या काळात जाहीर सांगितलं. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चौकात फटके द्यावेत अशी त्याची मागणी असायची. मार थांबवायला मार, असा सगळा मामला. तो त्याच्या काळाचा माणूस होता. फक्त, दुसऱ्याच्या भांडणात पडायची लाज त्याला वाटत नव्हती, आणि व्हीलरबाईंना नेमका तसाच माणूस हवा होता.

गेरीच्या संस्थेने प्राण्यांच्या संस्थेचा साचा जसाच्या तसा उचलला. तीच मेख. संस्थेची माणसं थेट कारवाई करायची. घरात जायची, मूल उचलायची, कोर्टात उभी करायची. रस्त्यावर वाद्यं वाजवून भीक मागायला लावलेली इटालियन पोरं, सर्कशीत, नाटकात राबवली जाणारी मुलं, सगळ्यांवर तिची नजर होती. बऱ्याच मुलांचा जीव त्यामुळे वाचला.

आणि बरीच घरं मोडलीही. जी बाई विधवा आहे, दिवसभर कामाला जाते, मूल एकटं घरात सोडते, ती क्रूर की फक्त गरीब? पोलिसी खाक्यात हा फरक दिसत नाही. बॉस्टनमध्ये अशीच संस्था १८७८ मध्ये निघाली. तिथल्या गरीब वस्त्यांत तिला क्रुएल्टी हेच नाव पडलं. म्हणजे आयाबाया पोरांना म्हणायच्या, गप्प बस नाहीतर क्रुएल्टी येईल. आपल्याकडे बागुलबुवा येतो तसं. गंमत म्हणजे त्याच बायका नवरा मारायला लागला, खायला काही उरलं नाही की त्याच संस्थेचं दार वाजवायच्या. त्यांना मूल काढून घेणारं कुणी नको होतं, पण मदत हवी होती.

ही गोष्ट बॉस्टनवाल्यांच्याच आधी लक्षात आली. १९०७ नंतर कार्ल कार्स्टन्स यांच्या हाताखाली तिथल्या संस्थेने जोर बदलला. घर मोडण्याआधी घराला काय कमी पडतंय ते बघा, हा नवा विचार. आज ज्याला आपण कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा म्हणतो, समुपदेशन, आईला मदत, घरी भेटी, त्याची मुळं या भांडणात आहेत. गेरीच्या गोटाला हे पचायला जड गेलं.

इंग्लंडमध्येही लोण पोहोचलं होतं. लिव्हरपूलचे थॉमस ॲग्न्यू न्यूयॉर्कची संस्था बघून गेले आणि १८८३ मध्ये आपल्या शहरात तशीच काढली. पुढच्या वर्षी लंडनला निघाली.

बर्ग १२ मार्च १८८८ ला वारला. न्यूयॉर्कच्या इतिहासात गाजलेलं बर्फाचं महावादळ त्याच दिवशी शहरावर होतं. ज्या ट्रामपुढे तो उभा राहायचा त्या सगळ्या बर्फात रुतून बसल्या होत्या. त्याला ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत पुरलं.

आता मुंबई.

बर्गच्या शहरात मेरी एलनचा खटला गाजत होता त्याच वर्षी, म्हणजे १८७४ मध्ये, मुंबईत प्राण्यांची क्रूरता रोखणारी संस्था निघाली. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल अजून उभं आहे, तेही त्याच परंपरेतलं. दोन घटनांचा एकमेकांशी संबंध नाही, योगायोग आहे. पण मुलांसाठीचा बॉम्बे चिल्ड्रेन ॲक्ट यायला १९२४ साल उजाडलं. बरोबर पन्नास वर्षं. त्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी आली. आणि रात्री-अपरात्री संकटातल्या मुलाने फोन करावा असा नंबर यायला आणखी सत्तर वर्षं लागली.

तो नंबर १०९८. १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने. दहा-नऊ-आठ, रस्त्यावरच्या पोरांनाही तोंडपाठ व्हावा असा. २०२३ पासून हे काम सरकारी यंत्रणेकडे गेलं, नंबर तोच आहे. चोवीस तास, फुकट. मूल स्वतः करू शकतं, शेजारीही करू शकतो. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या त्या क्षयाच्या रोगी बाईकडे हाच नंबर नव्हता.

व्हीलरबाई ज्या दारांवरून परत आल्या ती दारं आपल्या कायद्यात आज कुणाच्या तरी नावावर आहेत. मुलाला ठेवायचं कुठे, घरी परत द्यायचं की नाही, हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. सांभाळणाऱ्यानेच मूल मारलं, उपाशी ठेवलं, टाकून दिलं तर बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पॉक्सो. त्यात माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, मग तुम्ही शिक्षक असा, डॉक्टर असा की शेजारी. दुसऱ्याच्या घरात पडू नका हा सल्ला या बाबतीत कायद्याने बाद केलाय.

मेरी एलनला अनोळखी लोकांसमोर सगळं सांगावं लागलं, त्यावरही उत्तर शोधलं गेलं. अमेरिकेत १९८५ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलला एक केंद्र सुरू झालं. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशक एका घरासारख्या जागेत येतात, मूल एकदाच बोलतं. आपल्याकडे पॉक्सोमध्ये जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसाने वर्दी घालायची नाही, असं लिहिलंय. समिती मुलाला आणि घरच्यांना एक सपोर्ट पर्सन देऊ शकते. हा माणूस तक्रारीपासून निकालापर्यंत सोबत असतो. कोर्टाची तारीख, दवाखाना, नुकसानभरपाईचा अर्ज, शाळेत पुन्हा बसवणं, सगळं. किती घरांना याची कल्पना असते? पोलीस ठाण्यातून बाहेर पडलेल्या आईबापांना बऱ्याचदा हे कुणी सांगतच नाही. म्हणून सांगतोय. सपोर्ट पर्सन मिळणं ही मेहरबानी नाही, नियमात आहे, मागा.

आणि एक गोष्ट थेट आपल्या मोबाइलची. मेरी एलनचे सुटकेनंतर फोटो काढले गेले, आधीची आणि नंतरची असे, आणि ते जगभर फिरले. दीडशे वर्षांनी अजून फिरतायत. आज भारतात हे चालत नाही. पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, आईबापाचं नाव, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा पॉक्सोच्या २३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. न्याय मिळावा म्हणून फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओलाही त्यातून सूट नाही. मूल मोठं होतं, व्हिडिओ तिथेच राहतो.

मेरी एलनही मोठी झाली. १८८८ मध्ये, म्हणजे बर्ग गेला त्याच वर्षी, तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव लुईस शुट. तिला दोन मुली झाल्या. त्याशिवाय एका अनाथ मुलीला तिने स्वतःची म्हणून वाढवलं. लहानपणाबद्दल ती घरात फारसं बोलायची नाही. १९५६ मध्ये, बानव्याव्या वर्षी ती गेली.

थोरल्या मुलीचं नाव तिने एटा ठेवलं होतं.